गवतातली पांढरी अळंबी ओळखायला मदत हवी आहे (अजून खाल्लेली नाही)

माळरान (धागाकर्ता)

नमस्कार. चार दिवस पाऊस झाला, मग ऊन पडलं आणि घरामागच्या मोकळ्या मैदानात गवतातून पांढऱ्या अळंब्या वर आल्या. कोणी दोरी धरून लावाव्यात तशा अर्धगोलात उगवल्या आहेत. काल सकाळी सात काढून आणल्या. वर्णन देतो.

टोपी पांढरी, हाताला रेशमासारखी मऊ, रुंदी साधारण ५ ते ८ सेंटीमीटर. दोन अळंब्या जरा मोठ्या आहेत आणि त्यांच्या टोपीवर मधोमध तपकिरी खवले आहेत. त्या आधी उगवल्या असाव्यात आणि जून झाल्या असाव्यात असा माझा अंदाज. टोपीखालचे पापुद्रे बहुतेकांचे गुलाबी. देठावर पातळ कडं. वास विकतच्या बटण मशरूमसारखा, छान. देठ चाकूने जमिनीलगत कापले.

शोधाशोध केल्यावर ही अ‍ॅगॅरिकस कॅम्पेस्ट्रिस, म्हणजे कुरणात उगवणारी खाण्याजोगी अळंबी वाटते. फोटो टाकल्यावर मोबाइलवरच्या ॲपनेही तेच नाव दिलं. सगळ्या फ्रिजमध्ये ठेवल्या आहेत. खाऊ का?

दवबिंदू

मला यातलं काही कळत नाही, पण विचारलंत हे फार बरं केलंत. उत्तर येईपर्यंत घरातल्या बाकीच्यांना सांगून ठेवा, नाहीतर कोणीतरी फ्रिज उघडेल आणि भाजीत टाकेल.

कवकमित्र

माळरान, तूर्त खाऊ नका. का ते सविस्तर लिहितो, कारण तुम्ही वर्णन नीट केलं आहे आणि त्या वर्णनातच तीन गोष्टी खटकणाऱ्या आहेत.

आधी कॅम्पेस्ट्रिसबद्दल. लिनीयसने १७५३ मध्ये या अळंबीला नाव दिलं, तेव्हापासून ती ओळखीची. बटण मशरूम म्हणजे अ‍ॅगॅरिकस बायस्पोरस, तिची सख्खी बहीण. कॅम्पेस्ट्रिस झाडाच्या मुळांवर अवलंबून नसते. ती कुजक्या सेंद्रिय पदार्थावर जगते, म्हणून उघड्या गवतात, चराऊ रानात दिसते. टोपी ३ ते १० सेंटीमीटर. तिची खरी ओळख पापुद्र्यांत असते. टोपी पूर्ण उघडायच्या आधीच ते गुलाबी असतात, मग गडद गुलाबी, मग चॉकलेटी, शेवटी जवळजवळ काळे. पापुद्रे देठाला चिकटत नाहीत, आधीच थांबतात. कडं एकच, नाजूक, बऱ्याचदा गळून गेलेलं. देठ खाली निमुळता होतो. बुंध्याशी पिशवी नाही, पेला नाही.

आता खटकणाऱ्या गोष्टी.

तुम्ही "बहुतेकांचे" पापुद्रे गुलाबी म्हणालात. म्हणजे सगळ्यांचे नाहीत. ज्यांचे नाहीत त्यांचे कोणत्या रंगाचे आहेत?

खवलेवाल्या दोन अळंब्या जून आहेत हा तुमचा अंदाज आहे. जून कॅम्पेस्ट्रिस असेल तर पापुद्रे चॉकलेटी-काळे झालेले हवेत. मोठी टोपी, वर तपकिरी खवले आणि खाली अजून पांढरे पापुद्रे, असं असेल तर ती वेगळीच जात आहे.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. देठ जमिनीलगत कापलात, त्यामुळे ज्या भागावरून जीवघेणी अळंबी ओळखायची तो भाग मैदानातच राहिला. अ‍ॅमानिटा गटातल्या पांढऱ्या विषारी अळंब्यांच्या बुंध्याला अंड्याच्या फुटक्या कवचासारखा पेला असतो आणि बऱ्याचदा तो मातीखाली असतो. वरून बघाल तर पांढरी टोपी, पांढरं कडं, सुबक देठ, सौम्य वास. घाबरावं असं त्यात काहीच दिसत नाही.

निशाचर

इतकं घाबरवायची गरज आहे का? आमच्याकडे साधी परीक्षा होती. अळंबी शिजवताना चांदीचं नाणं टाकायचं, काळं पडलं तर फेकायची. लसूण टाकून बघायचा, रंग बदलला तर फेकायची. शिवाय गोगलगायीने किंवा किड्याने खाल्लेली अळंबी विषारी नसते. वरचं साल सहज सोललं गेलं तरी चालते.

कवकमित्र

निशाचर, यातली एकही परीक्षा खरी नाही, आणि हे मी तळमळीने सांगतो आहे, कारण चांदीच्या नाण्यावर विसंबून खाल्लेला घास परत बाहेर काढता येत नाही.

चांदी काळी पडते ती गंधकाच्या संयुगांमुळे. अ‍ॅमानिटाच्या विषात चांदी काळी पाडणारं काहीच नाही, त्यामुळे नाणं लखलखीत राहील आणि विषही तसंच राहील. लसणाचंही तेच. गोगलगायी अ‍ॅमानिटा आरामात खातात. त्यांच्या शरीराची रचना वेगळी, त्यांना चाललं म्हणून माणसाला चालेल असं होत नाही. साल तर अ‍ॅमानिटा फॅलॉइडिस या जीवघेण्या अळंबीचंही सुंदर सोललं जातं. शिजवून, वाळवून, गोठवून ते विष नष्ट होत नाही. पाणी दोनदा बदलून उकळल्यानेही नाही.

ओळख पटवायचा एकच रस्ता आहे: जात ओळखणं. "विषारी आहे की नाही" अशी सरसकट चाचणी अस्तित्वात नाही.

गवतफूल

मी पहिल्यांदाच लिहिते आहे या विषयावर. काही वर्षांपूर्वी अशाच हिरवळीवरच्या अळंब्या आम्ही घरी आणल्या होत्या. मोठ्या, पांढऱ्या, टोपीवर तपकिरी खवले, गोलात उगवलेल्या. त्या खाण्याजोग्या छत्री मशरूम आहेत असं एका परिचिताने ठामपणे सांगितलं होतं. चवीला उत्तम होत्या. जेवणानंतर दोन तासांनी मला मळमळायला लागलं आणि मग रात्रभर उलट्या, जुलाब, पोटात असे पेटके की सरळ उभं राहता येईना. सकाळी जुलाबात रक्त दिसलं. सलाइन लावावं लागलं. सोबत जेवलेल्या एकाला काहीही झालं नाही. त्यामुळे पहिले काही तास आम्ही अळंबीचा विचारही केला नाही, कालचं दुसरं काहीतरी बाधलं असेल असं धरून बसलो.

नंतर कळलं ती क्लोरोफायलम मॉलिब्डायटीस होती. माळरान, तुमच्या दोन खवलेवाल्या वाचून पोटात गोळा आला म्हणून लिहिलं.

कवकमित्र

गवतफूल, तुम्ही लिहिलंत ते फार मोलाचं आहे. माझा संशय नेमका याच अळंबीवर होता.

क्लोरोफायलम या नावाचा अर्थच "हिरवी पानं" असा, म्हणजे हिरवे पापुद्रे. गंमत अशी की ते हिरवे होतात खूप उशिरा. कोवळेपणी आणि पुढेही बराच काळ पांढरेच असतात, म्हणून माणूस फसतो. उष्ण हवामानात, पावसानंतर, हिरवळीवर, गोलात, म्हणजे कॅम्पेस्ट्रिस जिथे शोधाल बरोबर तिथेच ती उगवते. टोपी मोठी झाली तर २०-३० सेंटीमीटरपर्यंत जाते, पण लहान असताना बटणासारखीच दिसते. उत्तर अमेरिकेत अळंबीच्या विषबाधेचे सर्वाधिक प्रकार हिच्यामुळे होतात. जीव सहसा जात नाही, पण गवतफूल यांनी लिहिलं आहे तशी रात्र मात्र काढावी लागते, आणि लहान मुलांमध्ये व वृद्धांमध्ये शरीरातलं पाणी झपाट्याने कमी होणं धोक्याचं ठरतं. एकाच ताटातल्या दोघांपैकी एकाला त्रास होतो, दुसऱ्याला होत नाही, हेही हिच्या बाबतीत नेहमीचं.

माळरान, आता हे करा. सातही अळंब्यांना क्रमांक द्या. प्रत्येकीचा देठ काढून टोपी पापुद्रे खाली करून कागदावर ठेवा, अर्धी पांढऱ्या कागदावर आणि अर्धी काळ्या. टोपीवर पाण्याचा एक थेंब टाका, वर काचेचं भांडं उपडं घाला आणि रात्रभर हलवू नका. सकाळी खाली बीजाणूंचा, म्हणजे पापुद्र्यांतून गळणाऱ्या बियांसारख्या बारीक भुकटीचा, ठसा उमटलेला असेल. दोन रंगांचे कागद अशासाठी की पांढरा ठसा पांढऱ्या कागदावर दिसत नाही. प्रत्येक अळंबीचा ठसा वेगळा घ्या. एक घेऊन बाकीच्या तशाच असतील असं मानू नका.

चॉकलेटी ठसा आला तर अ‍ॅगॅरिकसचा गट. हिरवट आला तर क्लोरोफायलम. पांढरा आला तर अ‍ॅमानिटा किंवा लेपिओटा असू शकते, त्या टोपलीतली कोणतीच खाऊ नका. फिका गुलाबी आला आणि देठावर कडं नसेल तर एन्टोलोमा असू शकते, तीही विषारी.

आणि जमलं तर मैदानात जाऊन उरलेली एखादी खुरप्याने मुळासकट काढा. उपटू नका, खालची माती उचलून काढा.

दवबिंदू

चॉकलेटी ठसा आला म्हणजे खायला हरकत नाही का मग?

कवकमित्र

नाही, अजून एक पायरी आहे. अ‍ॅगॅरिकस गटातही त्रास देणाऱ्या जाती आहेत. अ‍ॅगॅरिकस झँथोडर्मस दिसायला हुबेहूब कॅम्पेस्ट्रिस आणि ठसाही चॉकलेटीच. तिच्या देठाचा बुंधा नखाने खरवडा किंवा आडवा कापा, लगेच झळझळीत पिवळा होतो. थोड्या वेळाने तो रंग मळकट तपकिरी होतो, म्हणून कापल्याबरोबर बघायचं. वास शाईसारखा, दवाखान्यातल्या जंतुनाशकासारखा. हा वास फिनॉलचा. थंड असताना नाकाला जाणवला नाही तरी कढईत गरम झाल्यावर घरभर पसरतो. तसं झालं तर गॅस बंद करून सगळं टाकून द्यावं. खाल्ली तर पोट बिघडतं.

कॅम्पेस्ट्रिसचा गर कापल्यावर पांढरा राहतो किंवा किंचित गुलाबीकडे झुकतो, पिवळा होत नाही. इथेही बुंधाच लागतो. तुम्ही कापून आणल्या त्यांचा बुंधाच नाही.

आडवाट

मी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात काम करतो, त्यामुळे ओळखीबद्दल बोलत नाही. खाल्ल्यावर काय होतं ते लिहितो, कारण लोक लक्षणांवरून चुकीचा अंदाज बांधतात आणि त्यात मोलाचे तास जातात.

त्रास लवकर सुरू झाला, म्हणजे अर्ध्या ते तीन तासांत, तर बहुतेक वेळा पोटाला त्रास देणारी अळंबी असते. गवतात उगवणारी एक छोटी मळकट पांढरी अळंबी आहे, क्लायटोसायबी रिव्ह्युलोसा. तिच्यात मस्कॅरीन हे विष असतं. खाल्ल्यावर पंधरा मिनिटांपासून दोन तासांत दरदरून घाम, तोंडाला पाणी सुटणं, डोळ्यांतून पाणी, नाडी मंद होणं सुरू होतं. यावर अ‍ॅट्रोपीन हा उतारा आहे आणि वेळेत दिला तर तो चांगलं काम करतो.

अ‍ॅमानिटाची गोष्ट उलटी आहे. खाल्ल्यावर सहा ते बारा तास, कधीकधी चोवीस तासांपर्यंत, काहीच होत नाही. माणूस झोपतो, उठतो, कामाला लागतो. मग पाण्यासारखे जुलाब आणि उलट्या सुरू होतात. दुसऱ्या दिवशी थोडं बरं वाटतं. माझ्या मते सगळ्यांत घातक टप्पा हाच. रुग्ण घरी जाऊ द्या म्हणतो, घरच्यांना हायसं वाटतं, आणि आत यकृताच्या पेशी मरत असतात. अल्फा-अ‍ॅमानिटीन हे विष आरएनए पॉलिमरेज २ या विकराला (एन्झाइमला) अडवतं, त्यामुळे पेशीला नवी प्रथिनं बनवताच येत नाहीत. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कावीळ, रक्तस्राव, भ्रम. प्रौढ माणसासाठी प्राणघातक मात्रा शरीराच्या दर किलो वजनामागे साधारण ०.१ मिलिग्रॅम धरतात, म्हणजे एक टोपी पुरेशी होऊ शकते. उपचार आहेत: भरपूर सलाइन, सक्रिय कोळसा पुन्हा पुन्हा, सिलिबिनिन हे यकृत वाचवण्यासाठीचं औषध. यकृत पूर्ण बंद पडलं तर प्रत्यारोपण. हे सगळं जितकं लवकर सुरू होईल तितकी आशा जास्त.

आता या धाग्याशी थेट संबंध असलेला मुद्दा. "दोन तासांतच उलटी झाली, म्हणजे जीवघेणी नव्हती" असं लोक म्हणतात. एकाच जातीची अळंबी खाल्ली असेल तर त्यात थोडं तथ्य आहे. पण टोपलीत दोन जाती मिसळल्या असतील तर लवकर होणारा त्रास एकीचा, आणि दुसरी सहा तासांनी आपलं काम सुरू करते. म्हणून अनोळखी अळंबी खाऊन काहीही झालं तरी वाट बघू नका. विषबाधा माहिती केंद्राला फोन करा आणि रुग्णालयात जा. उरलेली अळंबी, देठ, मातीसकट बुंधा, शिजवलेलं अन्न, उलटीचा नमुना, जे असेल ते सोबत न्या. अळंबी कागदाच्या पिशवीत न्या, प्लास्टिकमध्ये ती घामेजून कुजते आणि ओळखणं अवघड होतं. मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. सोबत जेवलेल्या सगळ्यांना घेऊन जा, ठणठणीत असतील त्यांनाही.

निशाचर

चांदीच्या नाण्याबद्दल माझी समजूत चुकीची होती हे मान्य. पण अनुभवाला काहीच किंमत नाही का? वर्षानुवर्षं एकच अळंबी खाणारे लोक असतात, त्यांना काही होत नाही.

कवकमित्र

अनुभवाला किंमत आहेच, निशाचर. जो माणूस एका रानातली एक जात कोवळ्या बटणापासून वाळून काळी पडेपर्यंत तीस पावसाळे बघतो, त्याच्याइतकं कोणालाच कळत नाही. पण तो अनुभव ओळखण्याचा. "खाल्ली आणि काही झालं नाही" हा निराळा अनुभव, आणि त्याने दगा दिल्याचं उदाहरण आहे.

युलियुस शेफर हे जर्मन कवकशास्त्रज्ञ, आयुष्य अळंब्यांच्या अभ्यासात घालवलेले. १९४४ मध्ये पॅक्सिलस इन्व्होल्यूटस ही तपकिरी अळंबी खाऊन ते गेले. त्या काळी ती नीट शिजवली की खाण्याजोगी समजली जात होती. पुढे कळलं की ती पुन्हा पुन्हा खाल्ल्यावर काही जणांच्या शरीरात तिच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात आणि एखाद्या वेळी आपल्याच तांबड्या रक्तपेशी फुटायला लागतात. आधीची सगळी जेवणं निर्धोक गेली, म्हणून पुढचं जाईल याची खात्री नव्हती. ही अळंबी झाडांखालची आहे, कुरणातली नाही, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिच्यात आहे.

माळरान (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. ठसे घेतले. आज सकाळी भांडी उचलली.

क्रमांक १, २, ४, ५ आणि ७: गडद चॉकलेटी. क्रमांक ३ आणि ६, म्हणजे त्या खवलेवाल्या दोन: मळकट हिरवट. काळ्या कागदावर नीट कळेना, पांढऱ्यावर मात्र स्पष्ट दिसतोय. या दोघींचे पापुद्रे परत पाहिले तर पांढरेच आहेत, फक्त कडेला राखाडी झाक. मी आधी टोपीच बघत होतो, त्यांच्या पोटात डोकावलोच नव्हतो.

मैदानात परत गेलो. अर्धगोल एक नाही, दोन आहेत, आणि ते एका टोकाला एकमेकांत शिरलेत. मी त्याच टोकाला सात काढल्या होत्या. ॲपला जो फोटो दिला होता तो क्रमांक १ चा, वरून काढलेला. त्यावर मी सातही खायला निघालो होतो.

एक मुळासकट काढली. बुंधा निमुळता, पेला नाही, खरवडल्यावर पिवळी झाली नाही. तरीही चॉकलेटी ठशाच्या पाचांचे बुंधे माझ्याकडे नाहीत, म्हणून सातही टाकून दिल्या. दुसरं म्हणजे मैदानाच्या कडेने गाड्यांची वर्दळ असते आणि गवतावर तणनाशक फवारतात हे आजच कळलं.

कवकमित्र

अगदी योग्य केलंत. गाड्यांचा आणि तणनाशकाचा मुद्दा तर माझ्याकडून लिहायचाच राहून गेला होता. अ‍ॅगॅरिकस मातीतलं कॅडमियम, पारा असे जड धातू स्वतःत साठवते, त्यामुळे रस्त्याकडेची, आणि तणनाशकामुळे फवारलेल्या गवतातलीही, अळंबी जात बरोबर असूनही खाऊ नये.

दोन अर्धगोल एकमेकांत शिरलेत हे निरीक्षण फार आवडलं. प्रत्येक गोल म्हणजे जमिनीखालचं कवकजाल (अळंबीच्या बारीक तंतूंचं जाळं), दर वर्षी थोडं थोडं बाहेर सरकणारं. दोन जातींची जाळी शेजारी आली की वर एकाच रांगेत दोन्हींच्या अळंब्या दिसतात. हिरवळीला लागून झाड असेल तर तिसरीही येऊ शकते. अ‍ॅमानिटा झाडाच्या मुळांशी जोडलेली असते, आणि मुळं सावलीच्या बरीच पुढे जातात. त्यामुळे "मी झाडाखालची काढली नाही" हे कारण पुरत नाही.

दवबिंदू

आमचा कुत्रा रोज अशाच हिरवळीवर फिरतो आणि लहान मुलगीही खेळते. हात लागला तरी विष चढतं का? आणि औषध मारून या अळंब्या कायमच्या घालवता येतात का?

आडवाट

हात लावल्याने विषबाधा होत नाही, अ‍ॅमानिटाला लावला तरी. लहान मूल तोच हात तोंडात घालतं, तुकडा चावतं, म्हणून हात धुवायचे. मुलीने चावा घेतला असं वाटलं तरी लगेच फोन करा आणि अळंबी जपून ठेवा. कुत्र्यालाही अ‍ॅमानिटाचं विष माणसासारखंच बाधतं आणि त्याने किती खाल्लं ते कळत नाही. त्याला पशुवैद्याकडे नेताना अळंबीही न्या.

कवकमित्र

औषधाने जात नाहीत. वर दिसतं ते फळ, कवकजाल खाली राहतं. पावसाच्या दिवसांत मुलगी आणि कुत्रा बाहेर पडायच्या आधी रोज सकाळी एक चक्कर मारून उगवलेल्या अळंब्या काढून टाका. रात्रीतून उगवतात, त्यामुळे कालची चक्कर आज उपयोगाची नाही.

माळरान, ठसे वाळवून पाकिटात ठेवा, वर क्रमांक आणि तारीख लिहा. पुढच्या पावसात दोन्ही गोल आजच्या रेषेच्या जरा बाहेर उगवतील. टोकांना छोट्या खुंट्या ठोकून ठेवल्यात तर कोणता गोल कोणाचा ते उगवायच्या आधीच कळेल.

माळरान (धागाकर्ता)

खुंट्या ठोकल्या. हिरवट ठशाच्या गोलाला लाल चिंधी बांधली आहे. मैदानात खेळायला येणाऱ्या मुलांच्या घरी आज संध्याकाळी जाऊन सांगून येतो.